शाळेचं जुनं दप्तर रद्दीत निघालंय. काय वाचवावं आणि कसं?

टपालवाली

नमस्कार. मी शिक्षिका नाही. पोस्टात ३४ वर्षं काउंटरवर काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. शिक्षक होते ते माझे वडील, अण्णा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातल्या मराठी शाळेत ते शिकले आणि पुढे त्याच शाळेत शिकवलंही. पुढच्या जूनमध्ये शाळेला दीडशे वर्षं होतायत. माजी विद्यार्थ्यांची समिती केली आहे, तिच्यात मीही आहे. जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं ठरलंय.

वस्तू बऱ्याच निघाल्या. टोल द्यायचा रुळाचा तुकडा, चौकट निखळलेल्या दगडी पाट्या, लाकडी गोट्यांची मणिचौकट, १९५६ सालचा ग्रुप फोटो. अण्णांच्या ट्रंकेतून मी त्यांचं फायनलचं, म्हणजे मराठी सातवीचं सर्टिफिकेट आणलं. आयुष्यभर टपालाचे शिक्के वाचले, त्यामुळे माझी नजर आधी शिक्क्यावर गेली. त्यावर ‘उत्तर सातारा’ असं आहे. समितीतल्या तरुण मुलांना वाटलं, छपाईची चूक असेल. चूक नाही. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले होते. दक्षिण साताऱ्याचा १९६० मध्ये सांगली जिल्हा झाला आणि आमच्या बाजूचं ‘उत्तर’ गळून पडलं. म्हणजे हा शिक्का ज्या कागदावर असेल, तो या अकरा वर्षांतलाच.

आता खरी अडचण. ऑफिसातल्या कपाटाच्या खालच्या खणात लाल कापडात बांधलेले अकरा रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची गाठोडी आहेत. समितीतल्या एकांनी सुचवलं, “कसरीनं खाल्लेला कागद आहे, रद्दीत द्या. कपाट रंगवून त्यात ढाली लावू.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. शनिवारी रद्दीवाला यायचा आहे. मी एवढंच म्हटलं की मला दोन दिवस बघू द्या.

दोन दिवस मी जमिनीवर बसून रुमाल सोडत होते. जनरल रजिस्टरं आहेत, हजेरीपटं आहेत, साहेब तपासणीला आल्यावर शेरा लिहायचं बुक आहे. रजिस्टरात शेवटून दुसरा रकाना ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा आहे. त्या रकान्यावरून माझं बोट पुढे सरकेना. ‘गुरे राखणे.’ ‘मुंबईस गेला.’ ‘वडील वारले.’ ‘गुरे राखणे.’ ‘गाव उठून माळावर गेले’, हे प्लेगच्या सालातलं. आणि मग १९१८ चं एक पान. ऑक्टोबर महिना. एकाखाली एक सात नावांपुढे एकच शब्द, ‘मयत’. सातही वेळा एकाच हाताचं अक्षर. पहिले दोन ठसठशीत आहेत, मग शाई उतरत गेली आहे, पाचव्याला पुन्हा टाक बुडवलेला दिसतो. ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. गावात आज कुणाला विचारलं तर ‘पूर्वी मोठा ताप आला होता’ एवढंच सांगतात. त्या सात मुलांची नावं या पानाखेरीज गावात कुठे असतील असं मला वाटत नाही.

हे रद्दीत कसं जाऊ द्यायचं?

आणखी एक, माझ्या घरचं. आमची आक्काआत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, अंगठा लावायची. पेन्शनची मनिऑर्डर घ्यायला माझ्याच काउंटरवर यायची, मीच तिचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवायचे. पण स्टँडवर उभी असली की एस.टी.ची पाटी लांबून वाचून सांगायची. “शाळेत गेली होतीस का गं?” विचारलं तर म्हणायची, “आम्हाला कुठली शाळा.” अण्णाही तेच सांगायचे. तरी मी १९३४ ते १९४० ची पानं बोट फिरवून पाहिली. सगळे मुलगेच.

तर जाणकारांना विचारायचं आहे. हे कागद विकायचा अधिकार समितीला आहे का? सगळ्यात जुनं रजिस्टर मोडी लिपीत आहे, मला त्यातलं अक्षरही लागत नाही, ते कुणाकडून वाचून घ्यावं? पानं इतकी कडक झाली आहेत की उलटताना कोपरे तुटतात, त्यांना हात कसा लावायचा? आणि प्रदर्शनात यातलं काय मांडावं? शनिवारच्या आत सांगा, विनंती आहे.

जुना_हेडमास्तर

ताई, पहिलं काम उद्या सकाळीच करा. मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. जनरल रजिस्टर ही शाळेची कायमची नोंद आहे. ती समितीची नाही, मुख्याध्यापकांच्या घरचीही नाही. रद्दीत घालायचा अधिकार कुणालाच नाही. मी २२ वर्षं मुख्याध्यापक होतो. चार्ज घेताना पहिली सही याच रजिस्टरांच्या यादीवर करावी लागते.

समितीला भावनेची भाषा समजत नसेल तर कामाची सांगा. जातपडताळणीला लोक शाळेचा जुना उतारा शोधत येतात. अनुसूचित जातीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला सगळा महाराष्ट्र अशाच रुमालांपुढे येऊन बसला होता. ज्या शाळांनी दप्तर विकून कपाटं रंगवली होती, तिथल्या पालकांना रिकाम्या हाताने परत जाताना मी पाहिलंय. उद्या तुमच्या गावातला एखादा मुलगा त्या एका ओळीवाचून अडेल.

आणि एका ओळीची किंमत काय असते, ते साताऱ्यातच बघा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव १९१४ या क्रमांकावर चढलं. ते रजिस्टर कुणीतरी जपलं म्हणून बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाची तारीख आज आपल्याला माहीत आहे, आणि त्याच तारखेला २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस पाळला जातो. त्या दिवशी नोंद करणाऱ्या कारकुनाला किंवा मास्तरांना कुठे ठाऊक होतं, आपण कुणाचं नाव लिहितोय ते.

शिक्क्यांचं तुम्ही छान ओळखलंत. पुढेही तसंच वाचत जा, शाळा कुणाच्या हाताखाली होती ते कळत जाईल. १८८४ नंतर प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे आणि म्युनिसिपालट्यांकडे आल्या. मग १९२३ चा कायदा, मग १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आणि त्याची स्कूल बोर्डं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. फीच्या पावत्या असतील तर रक्कम बघा. आणे-पै असतील तर ती पावती १ एप्रिल १९५७ च्या आधीची, ‘नवे पैसे’ असतील तर नंतरची.

जन्मतारखांच्या रकान्यात १ जून ओळीनं दिसेल, त्याने गोंधळू नका. आईबापाला तारीख आठवत नसे. मास्तर मुलाकडे बघून वय धरायचे आणि १ जून लिहून टाकायचे. आमच्या पिढीतले निम्मे लोक त्याच दिवशी निवृत्त होण्याच्या हिशोबाने जन्मले.

आता तुमच्या आत्याबाईंचं. तुम्ही मुलग्यांच्या शाळेचं रजिस्टर पाहिलंत. तालुक्याच्या गावी त्या काळात मुलींची शाळा बहुतेक वेगळी असायची, वेगळ्या वाड्यात, वेगळी मास्तरीण. पुढे दोन्ही शाळा एक झाल्या की मुलींच्या शाळेचं दप्तर मोठ्या शाळेच्या कपाटात येऊन पडायचं. त्याचे नंबर वेगळे, पुन्हा १ पासून सुरू होणारे. बारीक वही असेल. मोठ्या रजिस्टरांच्या मध्ये किंवा रुमालाच्या तळाशी बघा.

बोरू_आणि_टाक

ताई, मोडी वाचायला मी मदत करतो. दोन-तीन पानांचे स्वच्छ फोटो पाठवा.

घाबरण्यासारखं काही नाही. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ मारून घेत आणि मग अक्षरं तिला लटकवत जात. हात उचलायचा नाही, म्हणून अक्षरं एकात एक गुंतलेली दिसतात. दोन शब्दांत जागा नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. शाळेचं रजिस्टर त्यातल्या त्यात सोपं, कारण रकाने ठरलेले आणि तेच तेच शब्द पुन्हा येतात. ‘बिन’ एकदा ओळखू आलं की निम्मं पान सुटतं. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. त्याच्या आधी पोराचं नाव, पुढे बापाचं. ‘माहे’ म्हणजे महिना, ‘मजकूर’ म्हणजे वर सांगितलेला. जन्म कुठे शक्यात दिला असेल तर ७८ मिळवा, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९.

मी स्वतः वडिलोपार्जित जमिनीचे कागद लावताना शिकलो. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही जाणती माणसं भेटतात. पण तुमच्या गावातच आधी विचारा. ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर शाळेत मोडी गिरवलेली असण्याची शक्यता आहे. त्यांच्यापुढे पान धरा आणि गप्प बसा. बोटं हवेत फिरायला लागतात. मी हे दोनदा पाहिलंय.

एक विनंती. वाचून झालं की बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवताना शुद्धलेखन सुधारू नका. ‘गूरें राखनें’ असेल तर तसंच ठेवा. मास्तर कसं बोलत होते ते त्यातच उरलंय.

कागद_कापड_सुई

मी ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीचं काम करते. घाईत लिहितेय, शनिवार जवळ आहे म्हणून.

सेलोटेप लावू नका. काही वर्षांत त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग तो काढताना अक्षर सोबत येतं. लॅमिनेशन तर अजिबात नको, हौसेने करून आणलेल्या सर्टिफिकेटांवर मी रडले आहे. उन्हात वाळत घालू नका, सावलीत वारा लागू द्या. कीटकनाशक फवारू नका. पान कोपऱ्याने उचलू नका. खालून पोस्टकार्डासारखा सपाट जाड कागद सरकवा आणि पान त्याच्यावर घेऊन उलटा. बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर आजपासून बंद.

शाई तपकिरी झाली असेल आणि अक्षराच्या जागी कागदाला चिरा असतील तर ती लोहाची शाई. ती कागद खात राहते. असल्या पानांचे फोटो सर्वांत आधी काढून घ्या. काळीभोर, चमक असलेली काजळीची शाई उडत नाही, पण पाण्याचा थेंब पडला की पसरते, तेव्हा ओला फडका लांब ठेवा.

फोटो: टेबल खिडकीपाशी, फोन स्टँडवर, वरून सरळ. आधी मुखपृष्ठ, मग प्रत्येक पान, कोरी पानंसुद्धा. कोरं पान सोडलं की पुढे शंका येते, काही राहिलं का म्हणून. मग मांजरपाटाच्या धुतलेल्या, खळ काढलेल्या कापडात बांधून ठेवा. शेजारी वेखंडाची पुरचुंडी, पोथ्यांना ठेवतात तशी. लाल कापड रंग सोडतं, ते बदला.

औटकी

माझं थोडं वेगळं मत आहे. रजिस्टर वाचलंच पाहिजे, पण प्रदर्शनात पोरं रजिस्टरापुढे थांबणार नाहीत. पाटीपुढे थांबतील. पाट्या नुसत्या काचेमागे ठेवू नका, त्यांच्यावर लिहा. आणि काय लिहायचं ते सांगतो.

माझे आजोबा दुकानदार. मराठी चौथीपुढे शिकले नाहीत. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी सगळं तोंडपाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ‘सात औटे’ विचारलं की ‘साडेचोवीस’ तोंडातून निघायचं, मग विचार करायचे. मला लहानपणी वाटायचं, हा पाठांतराचा जाच. मोठेपणी कळलं की रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, शेराचा पावशेर, या जगात तो पाढा म्हणजे पोटापाण्याचं हत्यार होतं. १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले आणि शाळेतून औटकी गेली. कुणी ती बंद केली नाही, तिचं काम संपलं.

गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडून हे पाढे म्हणवून घ्या, फोनवर आवाज टिपा आणि पाटीशेजारी लावा. रजिस्टरात नाव असलेली माणसं जे म्हणत होती ते ऐकू येऊ दे. माझ्या आजोबांचा आवाज मी टिपला नाही. फोन खिशात होता.

जुना_हेडमास्तर

औटकी यांच्याशी सहमत. फक्त एक सावधगिरी. ताई, रजिस्टराची पानं प्रदर्शनात उघडी ठेवताना आणि इंटरनेटवर टाकताना जातीचा रकाना झाका. हयात माणसांच्या किंवा त्यांच्या मुलांच्या नोंदी तर अजिबात टाकू नका. शंभर वर्षांपूर्वीचं एखादं पान मांडा, बाकीचं कपाटात कुलपात. ज्याला आपल्या माणसाचं नाव बघायचं असेल, त्याला समोर बसवून दाखवा. त्याची मजा निराळी असते.

टपालवाली

सगळ्यांना मनापासून नमस्कार. सविस्तर सांगते.

अर्ज दिला. पोच घेतली, पोस्टातली माणसं पोचेशिवाय हलत नाहीत. हेडमास्तर सरांनी लिहिलेलं जातपडताळणीचं मी बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवलं. ज्यांनी रद्दीचं सुचवलं होतं ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझ्या नातवाला दाखला काढायचाय, आमच्या आजोबांचं नाव असेल का त्यात?” असेल, म्हटलं, बसा शोधायला. ते बसले. संध्याकाळपर्यंत उठले नाहीत, आणि सापडलं तेव्हा चष्मा काढून पुसत राहिले. कपाट आता रंगवायचं नाही असं त्यांनीच ठरवलं, आणि रद्दीवाल्याला फोनही त्यांनीच केला.

बोरूदादा, मोडीची तीन पानं तुम्हाला पाठवली आहेत. गावातल्या एक आजी ९१ वर्षांच्या आहेत, त्यांच्यापुढे पान धरलं. बोटं खरंच हवेत फिरली. त्यांना ‘बिन’ लागलं आणि दोन नावं लागली. औटकी त्यांना येत नाही, पण दिडकी येते. टिपून घेतली आहे, मध्ये त्यांची सून कुकर बंद करायला सांगते तेही त्यात आलंय, मी काढणार नाही.

आणि हेडमास्तर सर, तुमची बारीक वही सापडली.

नवव्या रुमालाच्या तळाशी होती, दोन हजेरीपटांच्या मध्ये दबलेली. अर्ध्या आकाराची, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदावर ‘मुलींची शाळा’. नंबर १ पासून. मी पोस्टकार्ड खाली सरकवत एकेक पान उलटत गेले. २१४ नंबरला आक्काआत्या आहे. पूर्ण नाव, आजोबांचं नाव, धंदा शेती, जन्मतारीख अर्थातच १ जून, साल १९२९. बिगरीत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात घेतली जून १९३४ ला. पहिली पास. वर्तणूक चांगली. शेऱ्यात बाईंनी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘वाचन उत्तम.’

नाव कमी केलं फेब्रुवारी १९३७ मध्ये, दुसरीत असताना. कारणाच्या रकान्यात तीन शब्द आहेत: ‘धाकटा भाऊ सांभाळणे.’

अण्णांचा जन्म नोव्हेंबर १९३६ चा.

त्यांना हे ठाऊक होतं की नव्हतं, आता विचारायला दोघंही नाहीत. त्या पानाचा फोटो काढताना माझा हात हलला, अक्षरं पुसट आली आहेत. उद्या सकाळी खिडकीत ऊन येण्याआधी जाऊन पुन्हा काढते.